रीळ आधी हातात वाचायचं, मग चालवायचं

दर १९ डिसेंबरला गोवा मुक्तीची म्हणून जी चित्रफीत फिरते, तिच्यात बहुतेक तीच ती दृश्यं असतात: लष्करी गाड्यांचा ताफा, वर चढणारा तिरंगा, रस्त्याच्या कडेला हात हलवणारी गर्दी. ती महत्त्वाची आहेतच. पण त्याच दिवसांत माणसं जेवत होती, कपडे वाळत घालत होती, पाण्यासाठी रांगेत उभी होती, गाठोडी सांभाळत धक्क्यावर बसून होती. सैनिक, घरदार सोडून निघालेले, कैदी, सगळेच. हे रोजचं जगणं वृत्तपटात फार थोडं सापडतं. ते असतं कुणा हौशी माणसाने काढलेल्या आठ मिलिमीटरच्या रिळात, नाहीतर वृत्तपटातून गाळलेल्या तुकड्यांत. आणि घर आवरताना ‘यात काही नाही, नुसते लोक उभे आहेत’ म्हणून आधी बाहेर जातं ते नेमकं हेच. त्या उभ्या असलेल्या लोकांसाठीच हा लेख: त्यांची रिळं कशी तपासायची, स्कॅन करायची आणि जपायची.

फिल्मचा जुना डबा हाती आला की पहिला मोह होतो तो प्रोजेक्टर शोधण्याचा. तो आवरायला हवा. साठ वर्षांत फिल्म आक्रसते. तिच्या कडेच्या दोन भोकांमधलं अंतर कमी होतं, आणि फिल्म पुढे ओढणारा प्रोजेक्टरचा पंजा मात्र मूळ अंतरावरच पडतो. मग पंजा भोकात न जाता भोकाच्या कडेवर आदळतो आणि मीटरच्या मीटर भोकं फाटत जातात. मध्येच फिल्म अडकली तर दिव्याच्या उष्णतेने ती चौकट (फ्रेम, म्हणजे एक चित्र) जळते. एकदा फाटलेलं रीळ स्कॅन करायचं तर खर्च आणि वेळ दोन्ही कितीतरी वाढतात. म्हणून रीळ आधी टेबलावर वाचायचं.

त्यासाठी लागतं ते थोडकंच. दोन हाताने फिरवायच्या चरख्या, खालून पांढरा उजेड देणारी पेटी, आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी, शिसपेन्सील, नायट्राइलचे हातमोजे. डब्यात पांढरट किंवा हिरवट बुरशी दिसली तर एन-९५ मास्क आणि उघडी खिडकी. फिल्म नेहमी कडेने धरायची. सुती मोजे वापरू नयेत, त्यांचे धागे फाटक्या भोकांत अडकतात. फिल्मच्या तोंडाला दोनेक मीटर कोरी पांढरी पट्टी जोडून घेतली की हाताळणीची झीज त्या पट्टीवर जाते, चित्रावर नाही.

आता रुंदी. आठ मिलिमीटरचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक तारीख ठरवायला फार उपयोगी पडतो. जुन्या आठ मिमीला भोकं मोठी असतात आणि दोन चौकटींच्या सीमारेषेवर येतात. सुपर आठला भोकं बारीक आणि चौकटीच्या मध्याशी. सुपर आठ बाजारात आली १९६५ साली. म्हणजे डब्यावर कुणीही ‘गोवा १९६१’ लिहिलेलं असो, आत सुपर आठ निघाली तर ते त्या वेळचं मूळ चित्रण असूच शकत नाही. फार तर नंतर काढलेली प्रत. साडेनऊ मिमीची फिल्म असेल तर भोकं कडेला नसून मधोमध, दोन चौकटींच्या मध्ये असतात. फ्रान्सच्या पाते कंपनीने हा आकार १९२२ साली आणला. सोळा मिमी आली १९२३ साली, तीही सुरुवातीपासूनच न पेटणाऱ्या ॲसिटेट बेसवर. बेस म्हणजे चित्राचा थर जिच्यावर असतो ती पारदर्शक पट्टी.

पस्तीस मिमी निघाली तर हात थांबवायचा. १९५०च्या दशकाच्या आरंभापर्यंत पस्तीस मिमीची फिल्म नायट्रेट बेसवर बनत होती. नायट्रेट पेटली की ती जळण्यापुरता प्राणवायू स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्याने किंवा वाळूने विझत नाही. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी नायट्रेटच्या साठ्याला आग लागून शेकडो जुन्या चित्रपटांची रिळं गेली. गोव्याच्या संदर्भात ही धास्ती खरी आहे, कारण मुरगावच्या धक्क्यावर महायुद्धाच्या काळातलं चित्रण निघण्याची शक्यता आहे. पोर्तुगाल तटस्थ होतं म्हणून ऑक्टोबर १९४३मध्ये अमेरिका आणि जपान यांनी एकमेकांच्या अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल मुरगावात केली. अमेरिकेकडून ‘ग्रिप्सहोल्म’ हे स्वीडनचं जहाज आलं, जपानकडून ‘तेइया मारू’. दोन्हीकडचे सुमारे दीड-दीड हजार लोक एकाच बंदरात एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर गेले. शिवाय जपानच्या ताब्यातल्या कैद्यांसाठी रेड क्रॉसची पार्सलं ‘तेइया मारू’वर चढवली गेली. फिल्मवर या बोटी ओळखायच्या खुणा सोप्या: ‘ग्रिप्सहोल्म’च्या कुशीवर जहाजाचं नाव, ‘स्वेरिये’ हे देशाचं नाव आणि ‘डिप्लोमॅट’ हा शब्द लांबून वाचता येईल अशा प्रचंड अक्षरांत रंगवलेला होता. ‘तेइया मारू’च्या अंगावर मोठे पांढरे क्रूस होते. त्या काळची पस्तीस मिमी घरात ठेवू नये, कुरिअरने पाठवू नये, कडेचा तुकडा जाळून तर मुळीच बघू नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवावं आणि ते सांगतील तसं करावं.

कडेवरची छपाई बघायची ती भिंगाखाली. ‘सेफ्टी’ हा शब्द दिसला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये. प्रत काढताना मूळ फिल्मच्या कडेवरची अक्षरंही नव्या फिल्मवर उमटतात, त्यामुळे एकाच कडेवर दोन पिढ्यांच्या खुणा एकावर एक दिसू शकतात. कोडॅकच्या फिल्मवर उत्पादनाचं वर्ष सांगणाऱ्या बारीक आकृत्या असतात: गोल, चौकोन, त्रिकोण. या खुणा दर वीस वर्षांनी पुन्हा त्याच येतात. १९४१ची आणि १९६१ची खूण एकच. आपल्याकडे याच दोन काळांत गोंधळ होतो, म्हणून नुसत्या खुणेवर तारीख लावू नये. शिवाय ते वर्ष फिल्म बनल्याचं असतं, चित्रण झाल्याचं नाही. गोव्यासारख्या ठिकाणी फिल्म दुकानात वर्ष-दोन वर्षं पडून राहणं अगदी शक्य होतं. खूण इतकंच सांगते की चित्रण त्याच्या आधीचं नाही.

हातातली फिल्म कॅमेऱ्यातली मूळ आहे की प्रत, हे एखाद्या पाटीवरून ठरवता येतं. समजा चौकटीत पणजीच्या एखाद्या दुकानाची पाटी आहे. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, ती बेसची. दुसरी किंचित मंद, उजेडात तिरकी धरली तर चित्राचा उठाव जाणवणारी, ती इमल्शनची, म्हणजे चित्र धरणाऱ्या थराची. चकचकीत बाजू आपल्याकडे धरल्यावर अक्षरं सरळ वाचता आली तर ती कॅमेऱ्यातून गेलेली मूळ फिल्म. मंद बाजू आपल्याकडे असताना अक्षरं सरळ दिसली तर ती मूळ फिल्मवरून थेट काढलेली प्रत. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची, पण न केल्यामुळे उलटी स्कॅन झालेली दृश्यं इंटरनेटवर कितीतरी आहेत: उजव्या किनाऱ्यावर असायला हवं ते गाव डाव्या किनाऱ्यावर. पाटी नसेल तर शर्टाची बटणपट्टी बघावी. पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी वर असते.

मग आक्रसणं मोजायचं. फिल्म टेबलावर सपाट ठेवून शंभर चौकटी मोजाव्यात आणि पहिल्या भोकाच्या कडेपासून एकशे एकाव्या भोकाच्या त्याच कडेपर्यंत पट्टी लावावी. जुन्या आठ मिमीला हे अंतर ३८१ मिमी यायला हवं. सोळा मिमीच्या प्रतीला ७६२ मिमी, कॅमेऱ्यातल्या मूळ फिल्मला बहुधा ७६०.५. आठ मिमीला ३७७ आलं तर एक टक्का गेला. अशी फिल्म प्रोजेक्टरवर चालवूच नये. दोन टक्क्यांच्या पुढे गेलेली फिल्म दातेरी चाकं असलेल्या कुठल्याही यंत्राला देऊ नये, तिला भोकांवर न विसंबणारा, रबरी रुळांवर फिल्म नेणारा स्कॅनर लागतो. मोजणी रिळाच्या तोंडाशी, मध्यात आणि शेवटी अशी तीनदा करावी. बाहेरचे फेरे आधी आक्रसतात, आणि तोंडाशी खराब दिसणारं रीळ आत चांगलं निघू शकतं.

डबा उघडताच शिरक्यासारखा आंबट वास आला तर ॲसिटेट बेस कुजतो आहे. त्यातून निघणारं ॲसेटिक आम्लच पुढच्या कुजण्याला वेग देतं, म्हणून बंद डब्यातलं रीळ अधिक झपाट्याने जातं. नाकावर भरवसा ठेवण्यापेक्षा आम्ल दाखवणाऱ्या ए-डी पट्ट्या मिळतात त्या वापराव्यात. निळी पट्टी डब्यात फिल्मशेजारी ठेवून झाकण लावायचं, २४ तासांनी रंग बघायचा. निळी राहिली तर ठीक. हिरवट होऊ लागली की घाई. पिवळी झाली तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून ते रीळ आधी स्कॅनला. वास येणारं रीळ चांगल्या रिळांच्या कपाटात ठेवू नये, आम्लाची वाफ शेजारच्यांनाही पोचते.

बुरशी असेल तर पाणी अजिबात नको. बुरशी इमल्शनमधलं जिलेटीन खाते आणि उरलेलं जिलेटीन पाण्यात विरघळू लागतं. ओल्या फडक्याने पुसलं की चित्रच निघून येतं. आधी फिल्म कोरड्या हवेत ठेवावी, मग मऊ मखमली कापडाने कोरडं पुसावं, आणि हट्टी डागाला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. दुकानात ७० टक्क्यांचं मिळतं त्यात उरलेलं पाणीच असतं, ते चालत नाही.

इथवर फिल्म वस्तू म्हणून वाचली. चित्र वाचायला लागल्यावर पहिला प्रश्न वेगाचा. हौशी कॅमेरे बहुधा सेकंदाला १६ चौकटी घेत, वृत्तपट २४. सोळाचं चित्रण चोवीसने चालवलं की सगळं दीडपट वेगाने घडतं. जेवणाच्या रांगेतला कैदी ताटली घेऊन पळताना दिसतो, सामान उतरवणारे हमाल नाचल्यासारखे हलतात, आणि बघणाऱ्याला हसू येतं. ज्या माणसाच्या आयुष्यातला तो कदाचित सर्वांत वाईट आठवडा होता, त्याच्यावर हसू यावं हे मला सहन होत नाही. म्हणून वेग अंदाजाने नाही, मोजून ठरवावा.

मोजायला सैनिकांची पावलं मिळाली तर उत्तम. कवायतीतली नेहमीची चाल मिनिटाला १२० पावलांची, म्हणजे सेकंदाला दोन. टाच जमिनीला टेकली ती चौकट धरून सलग दहा पावलं मोजावीत. ८० चौकटी आल्या तर १६चा वेग, ९० आल्या तर १८, १२० आल्या तर २४. रायफल आणि गोरखा पलटणींची चाल मात्र १४०च्या घरात असते. त्यांच्या दहा पावलांना सोळाच्या वेगाने ६९च्या आसपास चौकटी येतात. तेव्हा पलटण कुठली ते टोपीवरून आणि बिल्ल्यावरून आधी बघावं. पावलं नसतील तर वरून सोडलेली वस्तू शोधावी. सव्वा मीटरवरून, म्हणजे ट्रकच्या फळीच्या उंचीवरून, नुसतं सोडलेलं गाठोडं अर्ध्या सेकंदात खाली येतं: सोळाच्या वेगाने ८ चौकटी, चोवीसच्या वेगाने १२. फेकलेलं नको, सोडलेलंच हवं. आणि चावीच्या कॅमेऱ्यात चावी संपत आली की वेग घसरतो, म्हणून मोजणी दृश्याच्या सुरुवातीला करावी.

दुसरा प्रश्न तारखेचा, आणि इथे सावली फार कामाला येते. १९६१च्या डिसेंबरात पकडलेले पोर्तुगीज सैनिक लगेच परत गेले नाहीत. नावेली, आग्वाद, फोंडा आणि वास्कोजवळचं आल्पारकेरोस इथल्या छावण्यांत सुमारे ३,३०० जण महिनोनमहिने राहिले, आणि मे १९६२मध्ये विमानाने कराचीमार्गे त्यांची रवानगी झाली. त्यामुळे कैद्यांची रांग दिसली की ती येतानाची की जातानाची, हा प्रश्न नेहमीच येतो. १९ डिसेंबरच्या सुमारास गोव्यात भर दुपारी, आपल्या घड्याळात साडेबाराला, सूर्य क्षितिजापासून साधारण ५१ अंशांवर असतो. म्हणजे एक मीटर काठीची सावली ८० सेंटिमीटर, उत्तरेकडे. मे महिन्याच्या आरंभी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि त्याच वेळी माणसाची सावली पायाखालीच मावते. चौकटीतल्या सगळ्या माणसांच्या सावल्या त्यांच्या उंचीच्या मानाने खूपच आखूड दिसल्या, तर ते दृश्य त्या डिसेंबरातलं असूच शकत नाही. १९ डिसेंबरच्या सुमारास सावली उंचीच्या साधारण ८० टक्क्यांपेक्षा आखूड होतच नाही.

संध्याकाळच्या लांब सावल्यांवरून महिना कळत नाही, पण दिशेवरून कळतो. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या २४ अंश दक्षिणेला मावळतो, मेच्या मध्याला जवळजवळ २० अंश उत्तरेला. चौकटीत आजही उभी असलेली एखादी इमारत, चर्च किंवा आग्वादची तटबंदी असेल तर प्रत्यक्ष जागी जाऊन होकायंत्राने तिची दिशा घ्यावी आणि फिल्ममधल्या सावलीशी ताडून बघावी. यात साधारण चूक होते ती वाइड लेन्समुळे: कडेच्या सावल्या तिरक्या दिसतात. मापं चौकटीच्या मध्यातलीच घ्यावीत.

हवा आणि झाडंही बोलतात. मेच्या अखेरीस गोव्यात घरांच्या भिंतींना पावसाआधी माडाची झापं लावलेली दिसतील. डिसेंबरात भातकापणी होऊन गेलेली, शेतात पेंढ्याच्या उडव्या किंवा रब्बीची तयारी. नदी ओलांडायची जागाही बघावी. पणजी आणि बेतीच्या मध्ये तेव्हा फेरीबोट होती. मांडवीवरचा पूल चौकटीत दिसला तर दृश्य १९७० किंवा त्यानंतरचं. उलट, दोनापावल-बांबोळीच्या बाजूला किनाऱ्याशी टेकून पडलेली युद्धनौका दिसली तर ती ‘अफोन्सो द आल्बुकेर्क’ असू शकते. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय नौदलाशी झालेल्या चकमकीनंतर ती तिथे रुतली आणि पुढे मुंबईला ओढून नेईपर्यंत तिथेच होती. आधीच्या कुठल्याही तारखेचा दावा तिथेच संपतो. दुकानातल्या दरफलकावर एस्कुदो हे पोर्तुगीज चलन असेल तर १९५८च्या आधीचं नाही.

शरणागतीच्या सह्या १९ डिसेंबरला रात्री साडेआठला झाल्या. त्या काळातली हौशी रंगीत फिल्म, कोडाक्रोम, १० एएसएची (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त लागतो) होती आणि त्याच वर्षी आलेली नवी २५ची. रात्री, दिव्यांच्या तुटपुंज्या उजेडात, तिच्यावर जवळजवळ काहीच उमटणार नाही. तेव्हा भर उन्हातलं रंगीत दृश्य शरणागतीचं म्हणून कुणी दाखवत असेल तर ते दुसऱ्या कुठल्यातरी समारंभाचं आहे. रंगाबद्दल एक सांगून पुढे जातो: कोडाक्रोम अंधारात ठेवली तर रंग सुरेख टिकवते, आणि ईस्टमनकलर या सिनेमाच्या रंगीत फिल्मवरच्या प्रती गुलाबी पडतात. गुलाबी पडलेलं रीळ म्हणजे वाया गेलेलं रीळ नव्हे, स्कॅनमध्ये बराच रंग परत आणता येतो.

माणसं ओळखताना जिनिव्हाचा १९४९चा तिसरा करार हाताशी ठेवावा. युद्धकैद्यांचं रोजचं जगणं कसं असावं हे त्यात कलमवार आहे, आणि पडद्यावरच्या गोष्टी त्यातून उलगडतात. कैद्यांना हुद्द्याची चिन्हं लावायची मुभा आहे, कलम ४०. म्हणून खांद्यावर फीत दिसली म्हणजे तो कैदी नव्हे, असं नाही. अधिकाऱ्यांना कामाची सक्ती करता येत नाही, हवालदारांच्या दर्जाच्या लोकांना फक्त देखरेखीचं काम सांगता येतं, कलम ४९. खोरं कुणाच्या हातात आहे आणि कोण नुसता उभा आहे, यावरून हुद्दा सुचू शकतो, पण हे फक्त सुचवणं. छावणीत करार पाळला जात होताच असं धरून चालू नये. छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत घरी एक कार्ड पाठवायची सोय कलम ७०मध्ये आहे, आणि महिन्याला किमान दोन पत्रं व चार कार्डं कलम ७१मध्ये. गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून लिहीत बसलेला माणूस दिसला तर ते दृश्य सोडून देऊ नये.

धक्क्यावर पेट्या घेऊन थांबलेली गोरी कुटुंबं दिसली तर दोन शक्यता लक्षात ठेवाव्यात. एक १९४३ची अदलाबदल. दुसरी डिसेंबर १९६१, कारवाईच्या काही दिवस आधी, तिमोरहून लिस्बनला चाललेल्या ‘इंडिया’ बोटीवर जागा ३८० प्रवाशांची असताना सुमारे ७०० लोक चढले तेव्हाची. बायकांच्या झग्यांची लांबी, मागे उभ्या मोटारी आणि फिल्मची रुंदी यांवरून फरक होतो. एका खुणेवर निकाल देऊ नये, निदान तीन जुळाव्यात.

बनावट दृश्यांबद्दलही सावध राहावं. सैनिक झुडपातून धावत येतात आणि कॅमेरा त्यांच्या समोर, म्हणजे शत्रूच्या बाजूला शांतपणे उभा आहे: असं दृश्य बहुतेक वेळा नंतर घडवून आणलेलं असतं. एकच उडी दोन कोनांतून दिसली तर नक्कीच. खऱ्या चित्रणात कॅमेरा मागे असतो, उशिरा पोचतो, आणि चौकट हलते. स्वयंपाकाची, अंघोळीची, वाट बघण्याची दृश्यं सहसा कुणी घडवत नाही, म्हणून मला ती पुरावा म्हणून जास्त भरवशाची वाटतात.

स्कॅन करून घेताना चार गोष्टी लेखी मागाव्यात. भोकं आणि कडेची छपाई दिसेल इतकी चौकट मोठी घ्या. फिल्मवर जितक्या चौकटी तितक्याच फाइलमध्ये द्या, वेग जुळवायला मधल्या चौकटी घालू नका. ओरखडे पुसणारं, चेहरे गुळगुळीत करणारं, रंग भरणारं काही लावू नका. आणि जोड जिथे आहेत तिथे तसेच ठेवा. आठ मिमीला टू-के (सुमारे दोन हजार ठिपके रुंद चित्र) पुरेसं होतं. पन्नास फुटांच्या एका रिळात ४,००० चौकटी, सोळाच्या वेगाने चार मिनिटं दहा सेकंद. दर चौकटीचं वेगळं चित्र टू-केच्या डीपीएक्स या न दाबलेल्या चित्रफाइलीत साठवलं तर सुमारे ५० जीबी लागतात. इतकी जागा नसेल तर प्रोरेस ४२२ एचक्यू या दाबलेल्या व्हिडिओ प्रकारातली एक फाइल चालेल. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी. भिंतीवर रीळ चालवून मोबाइलने टिपणं म्हणजे रीळही धोक्यात आणि चित्रही फडफडणारं.

स्कॅन झाल्यावर ‘आपल्या घरचे तेवढे’ काढून उरलेलं कापून टाकायची सवय फार घातक आहे. दृश्यांची यादी करावी आणि ती दिसतं तेवढंच लिहून करावी. ‘पोर्तुगीज कैदी जेवताना’ असं लिहू नये. ‘सहा पुरुष, दोन अनवाणी, धातूच्या खोलगट ताटल्या, एका पातेल्यातून डाव्या हाताने वाढणारा माणूस, मागे तारेवर चार शर्ट, सावली उंचीच्या अर्ध्याहून कमी, चौकट ११२० ते १३०४’ असं लिहावं. पुढच्या माणसाला तारीख, जागा, पलटण शोधायची असेल तर त्याला हेच लागतं. आपला अंदाज वेगळ्या रकान्यात, कारणासकट.

आता पावसाळा. ॲसिटेट फिल्म २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवली तरी साधारण ४० वर्षांत आंबट व्हायला लागते. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ८५च्या वर असते, आणि ६५-७०च्या पुढे बुरशी धरते. माळा, लाकडी कपाट, लोखंडी ट्रंक, तिन्ही वाईट. गंजलेला पत्र्याचा डबा तर आधी फेकावा, पण त्यावरची चिठ्ठी आणि अक्षरं आधी फोटो काढून ठेवावीत. डांबराच्या गोळ्या फिल्मजवळ ठेवू नयेत. दिवसा एसी आणि रात्री बंद, हेही नको. तापमान आणि ओल सतत वरखाली होण्यापेक्षा किंचित गरम पण स्थिर जागा बरी.

घरगुती उपायांत सर्वांत चांगला फ्रीझर, उणे १८चा. पण भरायचा तो पावसाळ्यात नाही. रीळ आधी ३० ते ५० टक्के आर्द्रतेत दोन-तीन आठवडे सैलसर गुंडाळून ठेवावं, जानेवारी-फेब्रुवारी त्याला बरे. ओलसर रीळ गोठवलं तर इमल्शन शेजारच्या फेऱ्याला चिकटतं. मग पॉलिप्रॉपिलिनच्या डब्यात, तो डबा हवा काढलेल्या झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि दोन पिशव्यांच्या मध्ये आर्द्रता दाखवणारं कार्ड. कार्डाचा रंग बदलला की बाहेरची पिशवी बदलायची. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी थेट फिल्मवर उतरतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये दोन पिशव्या हव्यातच. वीज जाऊन फ्रीझर दोन दिवस बंद राहिला तर पिशवी न उघडता तशीच पुन्हा गोठू द्यावी.

इंटरनेटवर चढवण्याआधी एक गोष्ट नक्की करावी. त्याच तिसऱ्या करारातलं कलम १३ युद्धकैद्यांना लोकांच्या कुतूहलाचा विषय बनवायला मनाई करतं. कायद्याने ते आज लागू असो वा नसो, ज्यांचे चेहरे ओळखू येतात त्यांची मुलं-नातवंडं लिस्बनमध्ये, मडगावात, साताऱ्यात आहेत. अपमानाची, उघड्या अंगाची, रडण्याची दृश्यं जपून ठेवावीत, अभ्यासकांना द्यावीत, पण गाणं लावून फिरवू नयेत. आणि आग्वादला स्वातंत्र्यसैनिकांनीही तुरुंग भोगला आहे. कैदी कुठल्या बाजूचा, हे शीर्षकात खात्रीने माहीत असेल तरच लिहावं.

गावातल्या वयस्कर माणसांना दाखवताना आधी आवाज न लावता, बरोबर वेगाने, एकदा पूर्ण दाखवावं आणि काही विचारू नये. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत. ‘हा फोंडाच ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. ‘हे कुठलं असेल?’ असं विचारावं, दोघांना वेगवेगळं बसवून. त्यांनी सांगितलेलं यादीच्या तिसऱ्या रकान्यात, त्यांच्याच शब्दांत. आणि यादीची एक छापील प्रत आम्लरहित कागदावर काढून डब्याबाहेर, पण डब्याच्या क्रमांकासह ठेवावी. डब्याच्या आत कागद घालू नये, तो ओल धरतो.